हातोहात

मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत सकाळचं पहिलं काम म्हणजे इन्क्युबेटरमधून आदल्या दिवशीच्या प्लेट्स बाहेर काढणं. झाकणाची चपटी बशी, तिच्यात खरवसासारखं थिजलेलं पिवळसर अगार, त्यावर रात्रभरात वाढलेला जंतूंचा दुधी थर आणि त्या थरावर मांडलेल्या टिकलीएवढ्या पांढऱ्या कागदी चकत्या. प्रत्येक चकतीत एकेक अँटिबायोटिक मुरवलेलं असतं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि अगारचं स्वच्छ रिंगण दिसतं. पट्टी धरून त्या रिंगणाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे एस किंवा आर लिहायचं. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, आर म्हणजे रेझिस्टंट. पेशंटच्या फाइलमध्ये ‘कल्चर रिपोर्ट’ म्हणून जो कागद लागतो, तो असा तयार होतो.

आयसीयूतून आलेल्या कितीतरी प्लेट्सवर हल्ली रिंगणं दिसतच नाहीत. जंतूंचा थर थेट चकतीच्या कडेला येऊन टेकलेला असतो.

मी शिकत होते तेव्हाचा एक आठवडा माझ्या मनातून अजून जात नाही. एकाच आयसीयूतल्या तीन पेशंटचे नमुने आले होते. एकाच्या कॅथेटरच्या लघवीत क्लेबसिएला, दुसऱ्याच्या रक्तात ई. कोलाय, तिसऱ्याच्या पोटाच्या जखमेत एन्टरोबॅक्टर. जंतू तीन वेगवेगळ्या जातींचे, पण रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर आर आणि एसची ओळ जवळजवळ तंतोतंत सारखी. एकाच्या वहीतून दुसऱ्याने उत्तरं उतरवून घ्यावीत तशी. नमुने अदलाबदल झाले की काय म्हणून आम्ही सगळं पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या सरांनी तिन्ही प्लेट्स खिडकीपाशी नेऊन पाहिल्या आणि म्हणाले, “जंतू तीन आहेत गं, पण माल एकच आहे.”

तो माल म्हणजे प्लास्मिड.

जंतूचा मुख्य जनुकसंच डीएनएच्या एका मोठ्या गोल धाग्यावर असतो. ई. कोलायमध्ये त्याची लांबी सुमारे ४६ लाख अक्षरांची. त्याखेरीज पेशीत काही छोटी वर्तुळं सुटी असतात, काही हजार ते काही लाख अक्षरांची. रोजचं खाणंपिणं, वाढणं, दुभंगणं यासाठी जंतूला त्यांची गरज नसते. ती आपापल्या प्रती काढतात, पेशी दुभंगली की दोन्ही लेकींकडे जातात, आणि त्यातली काही दुसऱ्या जंतूकडेही जाऊ शकतात. ‘प्लास्मिड’ हा शब्द जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली सुचवला. जंतू एकमेकांना जनुकं देतात हे त्यांनी एडवर्ड टेटम यांच्यासोबत १९४६ मध्येच दाखवलं होतं, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तेव्हा हा शुद्ध विज्ञानाचा विषय होता. त्याचा रुग्णालयाशी असलेला संबंध उलगडला तो जपानमध्ये, हगवणीच्या रुग्णांमुळे.

महायुद्धानंतरच्या जपानमध्ये शिगेला जंतूची रक्ती हगवण ही मोठी साथ होती. आधी सल्फाच्या गोळ्या चालल्या, मग चालेनाशा झाल्या. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५०च्या दशकाच्या मध्यावर असे शिगेला सापडू लागले की जे या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. जपानी डॉक्टरांना यात काहीतरी विचित्र वाटलं, आणि ते बरोबर होतं. प्रतिकार येतो तो जनुकातल्या आपोआप घडणाऱ्या बदलातून, असं तेव्हा मानलं जाई. समजा एका औषधाविरुद्धचा असा बदल दहा कोटी जंतूंत एकात घडतो. मग चार वेगळ्या औषधांविरुद्धचे चार बदल एकाच पेशीत एकाच वेळी घडण्याची शक्यता एकावर बत्तीस शून्यं इतक्यांत एक. एवढे जंतू कुठल्याही रुग्णाच्या पोटात मावणार नाहीत. शिवाय एकाच रुग्णाच्या शौचात औषधांना दबणारे आणि चारही औषधांना न दबणारे, असे दोन्ही शिगेला मिळत. त्याच शौचातल्या ई. कोलायमध्येही नेमका त्याच चार औषधांविरुद्धचा प्रतिकार मिळे.

१९५९ मध्ये कुनितारो ओचिआई आणि तोमोइचिरो अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे एक सोपी गोष्ट करून पाहिली. प्रतिकार असलेले ई. कोलाय आणि नसलेले शिगेला एकत्र वाढवले. शिगेला चारही औषधांना पुरून उरू लागले. नुसतं गाळलेलं पाणी घालून ते होत नव्हतं, पेशीला पेशी भिडावी लागत होती. केइओ विद्यापीठाच्या त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ मध्ये हे सगळं काम इंग्रजीत मांडलं तेव्हा पाश्चात्त्य जगाने त्याकडे नीट पाहिलं. त्यांनी या प्रकाराला ‘संसर्गजन्य वारसा’ म्हटलं. मला हे शब्द फार नेमके वाटतात. वारसा आईकडून लेकीकडे जातो. इथे तो शेजाऱ्याकडून येत होता आणि तापासारखा पसरत होता.

ही देवाणघेवाण प्रयोगशाळेत आजही अशीच दाखवतात. रुग्णाचा प्रतिकारी जंतू एका नळीत. दुसऱ्या नळीत जे-५३ नावाचा ई. कोलाय, याला सोडियम अझाइडचं विष चालतं पण अँटिबायोटिक चालत नाही. दोन्ही एकत्र करून रात्रभर ठेवायचे आणि अझाइड व अँटिबायोटिक दोन्ही घातलेल्या प्लेटवर पसरायचे. रुग्णाचा जंतू अझाइडने मरतो, जे-५३ अँटिबायोटिकने मरतो, म्हणजे प्लेट रिकामी राहायला हवी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कॉलनी उगवलेल्या असतात. कालपर्यंत जे औषध जे-५३ला पुरेसं होतं, ते आज त्याच्या शेजारी पडून आहे आणि तो वाढतोय. मी पहिल्यांदा ही प्लेट पाहिली तेव्हा हातात धरून बराच वेळ उभी होते. पुस्तकात वाचलेलं असतं सगळं, पण ते एका रात्रीत, एका नळीत घडतं हे डोळ्यांनी पाहणं वेगळं.

आत काय घडतं? देणाऱ्या जंतूच्या अंगातून एक बारीक केसासारखी नळी निघते, ती शेजाऱ्याला चिकटते आणि त्याला जवळ ओढते. प्लास्मिडच्या दोन धाग्यांपैकी एक ठरावीक जागी कापला जातो आणि उलगडत उलगडत पलीकडच्या पेशीत शिरतो. दोन्हीकडे उरलेल्या एकेका धाग्यावरून दुसरा धागा विणला जातो. देणाऱ्याचं काही जात नाही. लाखभर अक्षरांचं प्लास्मिड काही मिनिटांत पोहोचतं, आणि घेणारा लगेच देणारा होतो. जात वेगळी असली तरी बऱ्याच प्लास्मिडांचं अडत नाही. आमच्या त्या आयसीयूतल्या तीन जंतूंचं असंच झालेलं होतं.

बरं, औषध बंद केलं की हा अनावश्यक बोजा जंतू टाकून देईल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. काही वेळा टाकतोही. पण बऱ्याच प्लास्मिडांनी त्याचा बंदोबस्त करून ठेवलेला आहे. त्यांच्यावर शेजारी शेजारी दोन जनुकं असतात, एक विषाचं, एक उताऱ्याचं. विष टिकाऊ, उतारा लवकर विरणारा. प्लास्मिड पेशीत आहे तोवर उतारा सतत बनत राहतो आणि काही बिघडत नाही. पेशी दुभंगताना एखाद्या लेकीला प्लास्मिड मिळालं नाही, तर आईकडून आलेला उतारा थोड्या वेळात संपतो, विष मात्र शिल्लक असतं, आणि ती लेक मरते. एफ नावाच्या, सर्वांत आधी अभ्यासल्या गेलेल्या प्लास्मिडचं विष पेशीतल्या ज्या यंत्रणेवर घाव घालतं, त्याच यंत्रणेवर आपलं सिप्रोफ्लॉक्सॅसिनही घाव घालतं. आपण कारखान्यात जी युक्ती केली ती जंतूंच्या जगात आधीपासून वापरात होती.

प्लास्मिडवर प्रतिकाराची जनुकं चढतात कशी, हेही पाहण्यासारखं आहे. काही जनुकांना एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारता येते. अशी उडती जनुकं बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधली आणि त्यासाठी त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं. जंतूंमध्ये हीच उडती जनुकं प्रतिकार घेऊन गुणसूत्रावरून प्लास्मिडवर आणि एका प्लास्मिडवरून दुसऱ्यावर जातात. त्यांच्या जोडीला इंटिग्रॉन नावाची एक रचना असते. तिच्यात प्रतिकाराची सुटी जनुकं एकापुढे एक बसवली जातात आणि ती सगळी एकाच टोकाकडून वाचली जातात. पंगतीत वाढपी जिथून सुरुवात करतो तिथल्या पानांवर भरपूर पडतं आणि शेवटच्या पानापर्यंत थोडं उरतं, तसंच इथेही. औषधाचा मारा झाला की जनुकांची जागा बदललेले जंतू पुढे येतात, ज्याची गरज आहे ते जनुक पहिल्या पानावर.

यातून निघणारी गोष्ट व्यवहारात फार महत्त्वाची आहे. पाच-सहा औषधांविरुद्धची जनुकं एकाच वर्तुळावर असली की त्यातलं कुठलंही एक औषध दिलं तरी सगळंच्या सगळं वर्तुळ टिकतं आणि वाढतं. साध्या सर्दीसाठी दिलेली एखादी जुनी गोळी आतड्यात अशा जंतूंना वाव देते, ज्यांच्याकडे त्या गोळीबरोबर आयसीयूतल्या महागड्या इंजेक्शनाविरुद्धचंही जनुक असू शकतं. त्या माणसाला ते इंजेक्शन आयुष्यात कधी मिळालेलं नसेल. जपानी डॉक्टरांनीही हे पाहिलं होतं: औषध एकच दिलं, तरी रुग्णाच्या शौचात चारही औषधांना न दबणारा शिगेला उतरायचा.

आता एक साधा प्रश्न. ही वर्तुळं आपल्या औषधांमुळे जन्माला आली का? याचं उत्तर एका माणसाच्या चिकाटीमुळे मिळालं. ई. जी. डी. मरे या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ पासून १९५४ पर्यंत आतड्यातल्या जंतूंचे शेकडो नमुने जमवून, काचेत बंद करून ठेवले. त्यातले बहुतेक अँटिबायोटिक्स सर्रास वापरात येण्याआधीचे. लंडनमधल्या हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नाओमी दत्ता यांनी १९५९ सालच्या साल्मोनेलाच्या एका साथीचा अभ्यास करताना प्रतिकार एका जंतूतून दुसऱ्या जंतूत जातो हे ओळखलं होतं. त्यांनी आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी मरेंचे ते जुने नमुने उघडून तपासले. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आला. जवळपास एक चतुर्थांश नमुन्यांत दुसऱ्या पेशीत जाऊ शकणारी प्लास्मिडं होती, आजच्या रुग्णालयात सापडतात त्याच घराण्यांतली. प्रतिकाराची जनुकं मात्र त्यांच्यावर जवळजवळ नव्हतीच. वाहन जुनंच आहे. त्यावर माल चढला तो आपण औषधं वापरू लागल्यावर, अवघ्या काही दशकांत. माती-पाण्यातल्या निरुपद्रवी जंतूंकडे यातली बरीच जनुकं आधीपासून होती. सेफोटॅक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन मोडणारी सीटीएक्स-एम ही जनुकं क्लायव्हेरा नावाच्या, रुग्णाला सहसा त्रास न देणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रावरून आली. त्यांचा आज जगभर सर्वांत पसरलेला प्रकार, सीटीएक्स-एम-१५, पहिल्यांदा नोंदला गेला तो दिल्लीतल्या नमुन्यांतून.

सेफॅलोस्पोरिन चालेनाशी झाली म्हणून डॉक्टर कार्बापेनेमकडे वळले, म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम. पेनिसिलिनपासून मेरोपेनेमपर्यंत या सगळ्या औषधांच्या पोटात चार अणूंची एक चौकोनी कडी असते. जंतूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला ती कडी अडकवून बंद पाडते. कार्बापेनेमची कडी फोडणं जंतूंना फार अवघड जाई. डिसेंबर २००७ मध्ये भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण दिल्लीत रुग्णालयात होता. स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत क्लेबसिएला सापडला. त्याच्याकडे ही कडी जस्ताच्या दोन अणूंच्या मदतीने फोडणारं नवं एन्झाइम होतं. पुढे त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्ये तेच जनुक सापडलं, पण वेगळ्या मापाच्या प्लास्मिडवर. म्हणजे प्रवास आधीच सुरू झाला होता. एन्झाइमचं नाव ठेवलं गेलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१.

२०१०च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेसमध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांवरचा मोठा निबंध आला आणि नावावरून देशात गदारोळ उठला. शहराच्या नावाला लागलेला डाग कुणालाही आवडणार नाही, हे मी समजू शकते. पण त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये, लॅन्सेटच्या पाच महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियामध्ये स्वतःचे आकडे मांडले होते: तीन महिन्यांत कार्बापेनेमला न दबणारे २४ जंतू मिळाले आणि त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. आपलं दुखणं आपणच, आपल्या नावानिशी छापणं याला धैर्य लागतं. त्या छोट्याशा कामाचं मोल मला त्या वादापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१चं जनुक होतं. हे प्लास्मिड ३७ अंशांपेक्षा ३० अंशांवर जास्त सहज हस्तांतरित होत होतं. ३७ हे माणसाच्या शरीराचं तापमान. ३० अंश म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या गटाराचं.

रुग्णालयाच्या आत सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे हात धुण्याचं बेसिन. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयाला कार्बापेनेम मोडणारं एक प्लास्मिड एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत जाताना पाहावं लागलं होतं. त्यांनी मग आयसीयूतल्यासारखी पाच बेसिनं प्रयोगशाळेत उभारली आणि खालच्या वाकड्या पाइपात हिरवं चमकणारे ई. कोलाय सोडले. पाइपात जंतूंना खाद्य मिळत राहिलं तेव्हा ते भिंतीवरच्या बुळबुळीत थरातून रोज सुमारे इंचभर वर चढले. पाइपात होते तोवर नळ सोडला तरी काहीच बाहेर उडालं नाही. जाळीपर्यंत पोहोचल्यावर मात्र नळाच्या धारेने त्यांचे शिंतोडे बेसिनच्या आजूबाजूला दोन-अडीच फुटांपर्यंत गेले. आता आपल्या वॉर्डातलं बेसिन आठवा. उरलेलं डेक्स्ट्रोजचं सलाईन त्यात, नातेवाइकाने आणलेल्या डब्यातलं वरण त्यात, चहाचा कप त्यातच विसळलेला, आणि शेजारच्या ओट्यावर ड्रेसिंगचा ट्रे. हात धुण्याचं बेसिन फक्त हात धुण्यासाठी ठेवणं याला पैसे लागत नाहीत. सिस्टरांना एकेकीला पाच-सहा पेशंट सांभाळायला न लावणं याला लागतात, आणि ते खर्च करायला हवेत. दोन खाटांमध्ये हाताला सॅनिटायझर चोळायला अर्धं मिनिट लागतं, पण ते अर्धं मिनिट दिवसातून शंभर वेळा कुठून आणायचं हा प्रश्न त्या सिस्टरला विचारला जात नाही, फक्त ऑडिटच्या वेळी टक्केवारी विचारली जाते.

औषधांची बाजू थोडक्यात सांगते. कार्बापेनेम हरलं की १९५०च्या दशकातलं, मूत्रपिंडाला जड जाणारं कोलिस्टिन बाहेर काढलं गेलं. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनविरुद्धचं एमसीआर-१ हे जनुकही प्लास्मिडवर चढलं आहे, डुकरांच्या पालनात कोलिस्टिन खाऊ घातल्याच्या पार्श्वभूमीवर. भारताने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि खाण्यासाठीच्या जनावरांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. अलीकडे एक जुनंच औषध नव्या जोडीदाराबरोबर उपयोगी पडू लागलं आहे. ॲझ्ट्रिओनामची कडी एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जंतूतली सीटीएक्स-एमसारखी दुसरी एन्झाइमं ती फोडतात. त्या दुसऱ्या एन्झाइमांना ॲव्हिबॅक्टम रोखून धरतं आणि ॲझ्ट्रिओनाम आपलं काम करतं. ही जोडी एका औषधात २०२४ मध्ये युरोपात आणि २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. छत्रपती संभाजीनगरच्या वोखार्टच्या संशोधन केंद्रातून आलेलं झिडेबॅक्टम वेगळ्या वाटेने जातं, ते जंतूची भिंत बांधणाऱ्या एका एन्झाइमवर स्वतःच घाव घालतं. अशी औषधं हवीतच. २०१९ या एका वर्षात अँटिबायोटिकला न दबणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा लॅन्सेटमधला अंदाज आहे.

पण पेशंट आयसीयूत येतो तेव्हा त्याची आतडी आधीच काहीतरी घेऊन आलेली असतात. म्हणून ॲडमिशनच्या वेळी आम्ही विचारायला लावतो: गेल्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं? उत्तरादाखल मुलगा किंवा सून पलंगाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढते आणि टेबलावर ओतते. दोन गोळ्यांचे, तीन गोळ्यांचे, कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. कुणी दुकानदाराने तापासाठी दिलेले, कुणी शेजारणीकडून आणलेले, काही खाल्लेले, काही बरं वाटल्यावर तसेच उरलेले. नाव छापलेली बाजू बहुतेक वेळा दुकानातच राहिलेली असते. मग आम्ही ते तुकडे एकाला एक जोडून, अर्ध्या कापलेल्या अक्षरांवरून, कुठलं औषध असेल ते वाचत बसतो.